सुमन, तुला उठवलं नाही

सुमन, गावाने तुला साध्वी करून टाकलंय. तुला हे सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून मीच लिहायला बसले. तू गेलीस त्याला आज पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत सापगावात, शहापुरात, पार मुरबाडपर्यंत एकच बोलणं चाललंय, की सुमनबाईंना ध्यानात समाधी लागली आणि त्यातच त्या गेल्या. गणपतभावजी ओटीवर बसून येईल त्याला तेच सांगतात. "बसल्या जागी गेली हो. ध्यान लागलं ते उतरलंच नाय." सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. तुझ्या संसाराला छत्तीस वर्षं झाली, पण नवरा तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकतेय.

मी आपली चहाचे कप गोळा करत असते. लोक मलाही सोडत नाहीत. "शैलाबाई, तुमी बाजूलाच होतात ना? कसं झालं हो? तोंडावर तेज आलं होतं का?" मी मान हलवते. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मान हलवून हलवून मी दमले, सुमन. शहापूरच्या ध्यानवर्गाच्या मॅडमनी तर तुझा फोटो ग्रुपवर टाकला, मागे केशरी सूर्य आणि खाली हात जोडलेले. त्याच मॅडम, ज्यांनी तुला एकदा वर्गातून उठवून बाहेर बाकावर बसवलं होतं.

खरं काय ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तू तीन वर्षांत एक दिवसही ध्यान केलं नाहीस. तू घोरायचीस.

तुला मी ओढलं, हे मात्र मान्य करते. आमचे हे गेले आणि वर्षाच्या आत माझी अंगणवाडीही सुटली. पोरांच्या गोंधळात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला एकदम रिकामं घर मिळालं. डोकं थांबेना. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना सारखं आपलं चालूच, त्यांना मुंबईला आधी न्यायला हवं होतं, डॉक्टरला तेव्हाच विचारायला हवं होतं. त्यात कोणीतरी सांगितलं, शहापुरात ध्यानाचा वर्ग निघालाय, मॅडम बोलत जातात आणि आपण डोळे मिटून ऐकायचं, मन शांत होतं. एकटीने जायची लाज वाटत होती. म्हणून तुला म्हटलं, सोबत चल.

तू लगेच हो म्हणालीस याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. बहिणीकडे खर्डीला जायचं म्हटलं तरी तुझ्याकडे दहा प्रश्न व्हायचे. म्हातारी सासू सात वर्षं खाटेवर, तिला कूस कोण बदलणार, तिला भरवणार कोण? पण ध्यान म्हटल्यावर भावजींचं काही चालेना. देवाधर्माचंच काम. आठवड्यातून दोन दुपारी ते स्वतः आईजवळ बसू लागले. गंमत म्हणजे तू त्यांना कधी सांगितलं नाहीस की तिथे देवाचं नावसुद्धा घेत नाहीत.

शहापूरचा तो हॉल आठवतो? खाली औषधांचं दुकान आणि वर आपण बारा बायका. मॅडम ठाण्याहून यायच्या. लहानशा स्पीकरवर पाण्याचा आवाज लावायच्या आणि फार गोड बोलायच्या. "कल्पना करा, तुम्ही समुद्राच्या काठी चालताय, अनवाणी. पायाखाली मऊ वाळू आहे. चालत राहा." मी मनापासून चालत होते. पाचव्या मिनिटाला माझ्या उजव्या कानात तुझं घोरणं सुरू झालं. बायका फिदीफिदी हसायला लागल्या. मॅडमनी स्पीकर बंद केला. परतीच्या रिक्षात मी तुला विचारलं, काय गो हे? तर तू म्हणालीस, "हितं पण चालायचंच? सकाळपासून चालतेच हाय मी. मला बसायला सांगितलं असतं तर बसले असते." मी हसले नाही. आत्ता लिहिताना हसायला येतंय.

दुसऱ्या वेळी त्या जिना घेऊन आल्या. दहा पायऱ्या उतरायच्या, प्रत्येक पायरीवर मन आणखी शांत. तू दुसऱ्या पायरीवरच गेलीस. तिसऱ्या की चौथ्या वर्गाला त्यांनी तुला बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि तू त्या बाकावरही झोपलीस. मला इतकी शरम वाटली की मी तो वर्गच सोडला. तुझ्यामुळे सोडला असं मी तुला ऐकवलंही.

मग काही महिने मोबाइलवर. माझ्या मुलाने एका बाबांचं ध्यान डाउनलोड करून दिलं होतं, ते तुलाही पाठवलं. तुझं ते कधी पुढे गेलंच नाही. बाबा म्हणायचे, "आता सर्वत्र शांतता आहे," आणि आतल्या खोलीतून म्हातारी ओरडायची, "सुमन, गो सुमन." तू मला सांगायचीस, त्या बाबांना म्हणावं एकदा आमच्या घरी येऊन शांतता दाखवा.

आणि मग मुरबाडचे सर. त्यांच्याबद्दल मी तुझ्याशी कधी नीट बोललेच नाही. चित्रकला शिकवून निवृत्त झालेला साधा माणूस, घराच्या पडवीत सतरंज्या टाकून दहा-बारा जणांना बसवायचा. ना फी, ना माळा. शेजारी पिठाची गिरणी, तिचा आवाज भिंतीतून यायचा. सर म्हणायचे, गिरणीला चालू दे, तुम्ही तिला अडवू नका. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल भिंतीला टेकून बसा. त्यांनी आपल्याला समुद्रावर नेलं नाही की जिना उतरवला नाही. ते सावकाश म्हणायचे, "लावणी आटोपली. पाय धुतले. चूल विझवली. भांडी पालथी घातली. दार ओढून घेतलं. आता तासभर तुम्हाला कोणी हाक मारणार नाही."

हे शेवटचं वाक्य संपायच्या आत तू झोपलेली असायचीस. मी वेळ लावून पाहिलंय.

पहिल्या दिवशी वर्ग संपल्यावर मी सरांकडे तुझ्या वतीने माफी मागायला गेले. म्हटलं, सर, हिला जमत नाही, हिला सवय नाही. सर म्हणाले, "झोपू द्या हो त्यांना. ज्याला जे लागतं ते तो घेतो." मला ते अजिबात पटलं नाही. मी रागावले, सरांवर आणि तुझ्यावरही. शिकायला आलेल्याने शिकावं, असं माझं मत. अंगणवाडीत पोरं झोपायची वेळ वेगळी आणि गाणी म्हणायची वेळ वेगळी असायची. तिथपासून मी माझं ते काम हाती घेतलं. तू घोरायला लागलीस की माझं कोपर तुझ्या बरगडीत. तू दचकून जागी व्हायचीस, डोळे मिटून ताठ बसायचीस, आणि पाच मिनिटांत परत पहिल्यासारखं.

आज जे आहे ते सांगून टाकते. मला तुझी काळजी नव्हती, शिस्तीचंही तितकंसं नव्हतं. मला तुझा मत्सर वाटायचा. तीन वर्षं मी पाठ सरळ ठेवून बसत होते. श्वास आत, श्वास बाहेर. तरी दर वेळी दोन मिनिटांनी माझे हे माझ्यासमोर येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, मला आधी का नाही नेलंस? सगळा तास त्यांना उत्तर देण्यात जायचा. आणि बाजूला तू, पाठीत बाक काढून, तोंड अर्धं उघडं टाकून, मला जे हवं होतं ते तीन मिनिटांत मिळवून मोकळी. तुझं घोरणं ऐकलं की माझा जीव जळायचा.

तू गेलीस त्याच्या आधीच्या रविवारी माझं कोपर जरा जोरातच बसलं. तू एकदम "आले, आले" म्हणून उभीच राहिलीस. साडीचा पदर सतरंजीवर, डोळे लाल, दाराकडे निघालेली. तुला वाटलं म्हातारीने हाक मारली. सगळा वर्ग हसला. सरसुद्धा हसले. तू ओशाळून खाली बसलीस आणि मग उरलेला वेळ जागी राहिलीस. मला वाटलं, चला, औषध लागू पडलं.

त्यानंतरच्या गुरुवारी, त्या शेवटच्या दिवशी, आपण सापगावच्या पुलाजवळ मुरबाडच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. वालाच्या शेतात कोणीतरी शेंगा तोडत होतं आणि तू तिकडे बघत बोललीस, माझ्याकडे न बघता.

"शैले, आज मला उठवू नको."

"घोरायला लागलीस तरी?"

"घोरेन नायतर काय पण करेन. घरी रातभर म्हातारी, दिसभर बाकीचे. तो एक तास माझा हाय गो. तू त्याच्यात हात घालू नको."

"मग घरी झोप ना. भाडं खर्चून मुरबाडला कशाला येतेस?"

"घरी झोप येत नाय म्हणून येते," तू म्हणालीस. "तुला येवढं पण कळत नाय?"

मला कळलं होतं. पण हार कोण मानणार? मी म्हटलं, "बरं. आजपासून तुला जन्मात हात लावणार नाय." गाडी आली. मी पुढे जाऊन एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसले, तू मागे. मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यावर तू पिशवीतून बोरं काढून माझ्यापुढे धरलीस. मी नको म्हटलं. किल्ला लढवल्यासारखा चेहरा करून पुढे चालू लागले.

सुमन, मी माझा शब्द पाळला.

सरांनी भांडी पालथी घातली, दार ओढलं आणि तू झोपलीस. घोरणं नेहमीसारखंच सुरू झालं. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. मुद्दाम. मनात म्हणत होते, घोर, काय घोरायचं ते घोर, आज मी बघणारही नाही. मग मधेच वीज गेली आणि गिरणी बंद पडली. पडवीत एकदम इतकं शांत झालं की सगळ्यांनी श्वास सोडलेला ऐकू आला. आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तूही थांबलीस.

मला वाटलं, लागलं. शेवटी हिला ध्यान लागलं. आणि खोटं नाही सांगत, त्या वेळी मला राग आला नाही. बरं वाटलं. माझ्या शेजारी माझी मैत्रीण शांत बसलीय असं वाटलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझेही विचार थांबले. माझे हे समोर आले नाहीत, कोणी काही विचारलं नाही. काही नव्हतंच. किती वेळ, मला सांगता येणार नाही. दहा मिनिटं असतील, वीस असतील. मला जे हवं होतं ते मला त्या दिवशी मिळालं. तू शेजारी गेलेली असताना मिळालं, किंवा तू जात असताना. हे मी कुणाला सांगू?

सरांनी घंटी वाजवली. "हळूहळू हाताची बोटं हलवा." सगळ्यांनी हलवली.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तुला जीपमध्ये घातलं, तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी तुला इतक्या हाका मारल्या की ड्रायव्हर म्हणाला, बाई, गप बसा, मला गाडी चालवू द्या. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, हृदय बंद पडलं, झोपेतच गेल्या असतील, काही कळलं नसेल त्यांना. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, तसं काही सांगता येत नाही. हे वाक्य मी आयुष्यात दोनदा ऐकलं, सुमन. एकदा यांच्या वेळी आणि एकदा तुझ्या.

दहाव्याला सर आले होते. नदीवर, गर्दीपासून लांब, चपला हातात घेऊन उभे होते. कावळा लवकर शिवला तेव्हाही लोक म्हणाले, शिवणारच, योगिनी होती. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, सर, मला कळलं होतं घोरणं थांबलं ते. त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. मग म्हणाले, "मलाही कळलं होतं. मी डोळे उघडून बघितलं त्यांच्याकडे. मान खाली होती. मला वाटलं, आज सुमनबाईंना साधलं. मी परत डोळे मिटले." त्यानंतर त्यांनी वर्ग घेतलेला नाही. पडवीला कुलूप आहे. भावजींना तिथे तुझा फोटो लावायचाय हार घालून, त्यांनी किल्ली मागितली, पण सर देत नाहीत. लोक सरांना कंजूष म्हणतात.

आता परवाचं. तेरावं होऊन पाहुणे गेले होते. तुझी मनीषा बदलापूरला परत जायच्या आधी तुझं स्वयंपाकघर आवरत होती, मी तिच्यासोबत. दुपारचे दोन वाजले असतील. आतून म्हातारी अधूनमधून तुला हाक मारत होती. तिला सांगितलंय, पण तिच्या डोक्यात राहत नाही. मनीषा जाऊन तिला पाणी पाजून आली आणि एक डबा मांडीवर घेऊन पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "काकी, सगळी म्हणतात ते खरं का? आईला समाधी लागली?"

मान हलवणार होते. पण पोरगी माझ्याकडे बघत होती आणि तिच्या कपाळाला तुझ्यासारखीच ती आठी. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. समुद्रापासून सांगितलं. कोपर सांगितलं, पुलाजवळचं भांडण सांगितलं, हात मांडीवर घट्ट धरून बसले होते ते सांगितलं. घोरणं थांबल्याचं मला कळलं आणि तरी मी तुला उठवलं नाही, हेही सांगितलं. म्हटलं, आता ही मला काय बोलेल ते मुकाट्याने ऐकून घ्यायचं.

त्याच्यावर ती काहीच बोलली नाही. अजूनही बोललेली नाही. डबा मात्र तिने खाली ठेवला.

"आई घोरायची?"

"घोरायची म्हणजे? अख्खी पडवी हलायची."

"मी कधी ऐकलं नाय," मनीषा म्हणाली. "काकी, मी आईला झोपलेली कधी बगितलीच नाय. मी झोपायचे तवा ती भांडी घासत असायची. उठायचे तवा चूल पेटलेली. तापात पडलेली असली तरी डोळे उघडेच, दूध उतू जाईल, दूध बघ. माझ्या बाळंतपणात महिनाभर एका खोलीत होतो. तरी नाय बगितली." तिने नाक पुसलं. "कशी घोरायची?"

मी सांगायला गेले. असं लांब, मग मधे अडकल्यासारखं, मग... नाही सांगता आलं. शेवटी मी तुझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकले, पाठीत बाक काढला, तोंड अर्धं उघडं टाकलं आणि घोरून दाखवलं. बासष्ट वर्षांची विधवा बाई, पुढ्यात पसरलेले डबे. लांब सूर, मग मधला तो घरघराट, मग शेवटची बारीक शिट्टी. तीन वर्षं माझ्या उजव्या कानात ऐकलेलं, कुठेच चुकले नाही.

मनीषा हसली. तोंडावर हात ठेवून हसली, मग हात काढून मोठ्याने हसली, आणि मग रडायला लागली. आतून म्हातारी विचारत होती, काय झालं, कोण हसतंय? मनीषा माझ्याजवळ सरकली, भिंतीला टेकून माझ्या शेजारी बसली, आणि तिने डोळे मिटले.

"परत कर ना, काकी."

मी परत घोरायला लागले. ती बस म्हणेपर्यंत थांबले नाही.